कृष्णातच्या पानावर बसलेला पावणा

यात मी पदरचं एक अक्षर घातलेलं नाही. घालायचंच असतं तर रात्र घातली असती, पिंपळ घातला असता, कुत्र्याचं रडणं घातलं असतं.

यातलं काहीच नव्हतं.

भर दुपार होती. साडेबारा ते साडेचारच्या मधली. साल १९७६, सप्टेंबर महिना, भाद्रपदाचा दुसरा पंधरवडा. गाव शाहूवाडी तालुक्यातलं, मलकापूरपासून दोन कोस आत. नाव सांगणार नाही. त्या घरातली माणसं आता नाहीत, पण भावकी आहे. माझ्या तोंडामुळं त्यांना त्रास नको.

मी यज्ञेश्वर. कोल्हापूर, मंगळवार पेठ. तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. बी.ए. होऊन घरी बसलो होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो. जे झालं ते त्या शहाणपणापायी झालं, हे आधीच सांगून टाकतो.

आमचे वडील दत्तोपंत हायस्कुलात संस्कृत शिकवायचे. जुने शिलालेख वाचायचा त्यांना नाद. त्यांचं नाव कुठून तरी ऐकून त्या वर्षी जूनमध्ये एक गोरा पोरगा आमच्या दारात येऊन उभा राहिला.

लेनार्ट. स्वीडनचा. वय पंचवीस.

खांद्याला एक पिशवी, पाठीला एक लांब पत्र्याची नळी आणि अंगावर एकच बरा शर्ट. जिल्ह्यातली जुनी देवळं, शिलालेख, वीरगळ बघायचे, त्यांचे ठसे घ्यायचे आणि नोव्हेंबरात परत जायचं, असा त्याचा बेत होता. दगडावर ओला कागद चिकटवायचा, ब्रशनं ठोकून ठोकून बसवायचा आणि वाळत आला की शाईचा बोळा फिरवायचा. दगडावरची अक्षरं कागदावर उतरायची. मग तो कागद गुंडाळून त्या नळीत.

वडिलांनी त्याला आमची माडी राहायला दिली.

कुणीतरी दिलेल्या तुटपुंज्या पैशात त्याला सहा महिने काढायचे होते. पोरगं अक्षरशः पोटाला चिमटा घेऊन राहायचं. एसटीचं भाडं वाचवायला पन्हाळ्याला चालत जायचं आणि चालत यायचं. चहाची पत्ती वाळवून परत वापरायचं. गल्लीत सगळे त्याची टिंगल करायचे, मीही करायचो. पण जेवायला बोलावलं की तो कुणालाच नाही म्हणायचा नाही. लग्न असो, बारसं असो, ओळख असो वा नसो. डाव्या हातानं जेवायचा. आई सुरुवातीला कुरकुरली, मग तिनं नाद सोडला.

त्या गावात महादेवाच्या पडक्या देवळाभोवती वीरगळ आहेत. लढाईत पडलेल्या माणसांच्या नावानं उभे केलेले दगड. त्यांतल्या चार दगडांवर अक्षरं होती. लेनार्टला ती हवी होती. त्याला मराठीचे जेमतेम दहा शब्द यायचे, म्हणून दुभाषी म्हणून मी बरोबर.

राहायला लॉज नव्हतं, आणि असतं तरी त्याला परवडलं नसतं. आम्ही उतरलो पिराजीच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या दालनात. पिराजी भातशेती करणारा, साठीतला, मोकळा माणूस. त्याची बायको आक्का. सगळा गाव तिला आक्काच म्हणायचा. घरात दोघंच.

मुलगा होता. कृष्णात.

दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत नदीला पाणी आलं होतं. म्हैस पाण्यात अडकली. कृष्णात तिला सोडवायला गेला.

म्हैस आपल्या पायानं घरी आली...

कृष्णात आला नाही. तेव्हा तो पंचवीसचा होता. सापडलाच नाही, त्यामुळं आक्का तो गेला असं मानायलाच तयार नव्हती. दोन वर्षं त्या घराचं दार दिवसा कधी लावलेलं नव्हतं. आम्ही पाच दिवस तिथं राहिलो. पाची दिवस ते दार उघडं होतं आणि आक्का कामात असली तरी तोंड दाराकडं करून बसायची.

सहाव्या दिवशी म्हाळ होता. म्हाळ म्हणजे गेलेल्यांना जेवू घालायचा दिवस. त्या वर्षी पिराजीनं पहिल्यांदाच मुलाचं पान मांडायचं ठरवलं होतं.

"दोन वरसं झाली, धाकटं मास्तर," तो मला म्हणाला. वडिलांमुळं तो मला धाकटं मास्तर म्हणायचा. "नदीनं दिला न्हाय. आता पान मांडाय पायजे. उपाशी हाय त्यो."

 आक्का पहाटेपासून चुलीपुढं होती. खीर, वडे, कढी, भोपळ्याची भाजी, सगळं तिनं एकटीनं केलं.

त्या घराची एक रीत होती. गेलेल्याच्या वयाचा एक माणूस त्याच्या जागी पानावर बसवायचा. त्याला आंघोळ घालायची, गंध लावायचं आणि गेलेल्याच्या नावानं वाढायचं. तो जेवून उठला की वाढणाऱ्या बाईनं उंबऱ्यात उभं राहून म्हणायचं, 'जा बाबा, आपल्या जागी जा.' मग त्याला गावाच्या शिवेपर्यंत पोचवायचं. त्या दिवशी त्यानं त्या घरात पुन्हा पाय ठेवायचा नाही.

हे सगळं पिराजीनं मला सकाळी नीट समजावून सांगितलं होतं. हे मुद्दाम लिहितोय.

पानावर बसायला आक्काचा भाचा आकाराम गडहिंग्लजहून यायचा होता. बारा वाजले तरी त्याचा पत्ता नव्हता. कुठंतरी रस्त्यावर पाणी आलंय, एसटी अडकली, असं कुणीतरी सांगत आलं. कौलावर कावळ्यासाठी घास ठेवला होता.

कावळा येत नव्हता...

एकही नाही. भाद्रपदात गावात कावळ्यांचा कोण गलका असतो. त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं आणि रिकामं होतं. पिराजी हात जोडून जोडून दमला.

मला भूक लागली होती. खरं सांगतो, भूकच लागली होती. वड्यांचा वास सुटला होता आणि पितर जेवल्याशिवाय कुणाला ताट मिळणार नव्हतं.

"पिराजीमामा," मी म्हणालो, "हा आहे की. लेनार्ट. पंचवीसचाच आहे."

पिराजी दचकला. "पावण्याला कसं बशिवायचं? त्येला ह्यातलं म्हाईत तरी हाय का?"

"मी सांगतो त्याला."

मी लेनार्टला इंग्रजीत एवढंच सांगितलं, की यांच्या मुलाच्या आठवणीचं जेवण आहे, एक पाहुणा लागतो. बाकी काही सांगितलं नाही. म्हटलं याला काय कळणार. त्यानं विचारलं, "त्यांना बरं वाटेल का?" मी म्हणालो, वाटेल. त्याचा चेहरा खुलला. पाच दिवस त्यांचं फुकट खातोय याची त्याला लाज वाटत होती.

त्याला आंघोळ घातली. कोरं धोतर नेसवलं, गंध लावलं. पाटावर बसवलं. आक्का वाढायला आली. वाढताना नाव घ्यायचं असतं. तिला ते घेता येईना.  मग अगदी हळू म्हणाली,

"कृष्णात... जेव बाबा."

आणि लेनार्टनं उजवा हात पुढं केला.

मला आधी काही वाटलं नाही. मग लक्षात आलं. चार महिने मी त्याला डाव्या हातानं जेवताना बघत होतो. आता तो उजव्या हातानं भात कालवत होता, आपल्यासारखा, बोटांच्या टोकांनी.

पहिला घास त्याच्या तोंडात गेला...

आणि कौलावर धपधप आवाज झाला. किती कावळे आले, देव जाणे. घास क्षणात गेला. पिराजीच्या डोळ्यांतून पाणी आलं. मीही मनात म्हटलं, चला, झालं एकदाचं.

लेनार्ट मान खाली घालून जेवला. एकदाही माझ्याकडं बघितलं नाही. एरवी कढी तिखट लागली तरी माझ्याकडं बघून डोळे फिरवायचा. शेवटी त्यानं अर्धा वडा मुठीत ठेवला, उठला आणि सरळ सोप्याला लागूनच्या गोठ्यात गेला. पाच दिवस ही म्हैस त्याला जवळ येऊ देत नव्हती. एकदा लाथही झाडली होती. आता तिनं त्याच्या हातातला वडा खाल्ला आणि तळहात चाटत राहिली.

आक्काच्या हातातली पळी खाली पडली.

पिराजी माझ्या कानाशी आला. "कृष्णात असंच करायचा. शेवटचा घास म्हशीला."  मी त्याला म्हणालो, त्यानं तुम्हाला कधीतरी तसं देताना बघितलं असेल. "मी न्हाय देत," पिराजी म्हणाला. "त्यो गेल्यापास्नं कुनीच न्हाय देत."

मीही जेवून घेतलं. निघायची वेळ झाली. आक्कानं उंबऱ्यात उभं राहून म्हणायचं होतं. ती उभी राहिली, पण तोंड उघडेना. बघत राहिली नुसती. शेवटी पिराजीनंच घाईघाईनं म्हणून टाकलं, "जा बाबा, आपल्या जागी जा," आणि आम्हाला शिवेपर्यंत पोचवून मागं न बघता परत गेला.

शिवेवर आंब्याचं मोठं झाड आहे. साडेपाचची एसटी फाट्यावर मिळणार होती. वेळ भरपूर होता. मी सावलीत आडवा झालो. लेनार्टनं पाठीकडं हात नेला आणि तो पांढराफटक पडला.

नळी नव्हती.

सोप्यातच राहिली होती. चार महिन्यांचे सगळे ठसे तिच्यात होते. त्यासाठीच तो घर सोडून इतक्या लांब अर्धपोटी राहत होता. ती गेली असती तर त्याच्याकडं काहीच उरलं नसतं.

आता मला रीत माहीत होती. मी उठून जायला हवं होतं. पंधरा मिनिटांची वाट. पण पोट तुडुंब भरलेलं, खीर अंगावर आलेली. मी पडल्या पडल्या म्हणालो,

"जा, तूच घेऊन ये."

तो गेला. मी डोळे मिटले.

जाग आली तेव्हा सगळं शांत होतं. पाखरं नाहीत, भातात वारा नाही. घड्याळात साडेतीन. लेनार्टला जाऊन सव्वा तास झाला होता.

मी गावाकडं पळालो. गल्लीत कुणी नव्हतं, पण ते शेतात असतील. पाच दिवस आमच्या मागं मागं करणारी कुत्रीसुद्धा नव्हती. पिराजीचं दार उघडं होतं. बाहेर लेनार्टचे बूट, कोरडे ठणठणीत.

आणि उंबऱ्यापासून आत...

ओली पावलं.

अनवाणी. कडेला नदीची बारीक वाळू. चार दिवस पावसाचा थेंब नव्हता. ती पावलं सोप्यात मधल्या खांबापर्यंत गेली होती आणि खांबाला टेकून लेनार्ट बसला होता. मी त्याच्या पायांकडं बघितलं. पाय कोरडे होते. नळी शेजारीच पडलेली, त्यानं तिला हातही लावलेला नव्हता.

आक्का त्याच्या मागं बसून त्याच्या डोक्याला तेल लावत होती. बोलत होती. कुणाचं लगीन झालं, कुणी रान विकलं, कुणाची गाय व्याली. दोन वर्षांतलं सगळं. आणि लेनार्ट "हं" म्हणत होता. बरोबर जिथं म्हणायला हवं तिथं.

त्याला मराठी येत नव्हतं. मघाशी सांगितलं मी, दहा शब्द.

"लेनार्ट."

तो हलला नाही. मी पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा त्यानं मान वळवून बघितलं. ओळखीचं बघणं नव्हतं ते. दारात आलेल्या परक्या माणसाकडं बघतात तसं बघितलं.

"हाका मारू नका, धाकटं मास्तर," आक्का म्हणाली. "दमून आलाय त्यो."

परसात पिराजी डोकं धरून बसला होता. "मी म्हनलं माघारी जा म्हून," तो म्हणाला. "ऐकंना. तिनं त्येला हाताला धरून आत घेतला. मी काय करू?"

"आता काय करायचं?"

"तिनंच म्हनाय पायजे. तिच्या हातचं जेवलाय त्यो. मगाशी ती बोललीच न्हाय, मी बोललो. त्येनंच ह्ये झालं."

मी आत गेलो, मागोमाग पिराजी.  आक्कापुढं बसलो आणि हात जोडले. "आक्का, त्याला जा म्हणा."

"दोन वरसं दार उघडं ठिवलंय मी," ती म्हणाली. रागावलेली नव्हती, शांत होती. "आलाय त्यो. आता मीच घालवू व्हय?"

"हा कृष्णात नाही, आक्का. हा लेनार्ट आहे. याची आई आहे तिकडं."

तिचा हात थांबला.

"आई हाय ह्येला?"

"आहे. एकटी असते. दर आठवड्याला पत्र येतं तिचं."

"काय लिवती?"

"कधी येणार, एवढंच विचारते."

 आक्कानं हाताचं तेल पदराला पुसलं. उठली. उंबऱ्यात जाऊन उभी राहिली, बाहेर तोंड करून. मला तिची पाठच दिसत होती.

"जा बाबा... आपल्या जागी जा."

सोप्यात गारवा आला...

दाराची कडी आपोआप हलली. गोठ्यात म्हैस धडपडून उभी राहिली. तिनं मान वळवली. आधी दाराकडं, मग अंगणाकडं, मग सावकाश नदीच्या वाटेकडं. कुणी चालत जात असावं आणि आपण बघत राहावं, तशी. दावं ताणलं गेलं तेव्हा ती एकदाच हंबरली.

अंगणात कुणी नव्हतं.

मी मोठा श्वास सोडला. गेला, मी म्हटलं. सुटलो.

तेवढ्यात आक्का वळली. तिनं खांबाला टेकलेल्या लेनार्टकडं बघितलं. त्यानं तिच्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. ती खाली बसली आणि पुटपुटली, "चुकलं माझं." पिराजी विचारत राहिला, काय चुकलं, काय झालं.  ती मलाच म्हणाली,

"ह्येला घिऊन जावा. आत्ताच्या आत्ता. ह्येच्या आईकडं पोचवा. कसाबी असू दे, तिच्याकडं पोचवा."

"आक्का, पण..."

"माझ्यानं ठिवून घ्यायचं न्हाय. जावा."

आम्ही एसटी गाठली. नळी मीच उचलली होती. वाटेत त्याला दिली तर त्यानं ती मांडीवर ठेवली, उघडून बघितली नाही. नदी दिसेनाशी होईपर्यंत तो खिडकीतून वळून बघत होता.

कोल्हापुरात आल्यावर त्याला आठवडाभर ताप होता. मग बरा झाला. इंग्रजी बोलायला लागला, माझ्या आईशी हसायचा, वडिलांना पुस्तकं आणून द्यायचा. कुणालाही त्यात काही वावगं दिसलं नसतं. मीही स्वतःला समजावलं, की उन्हानं झालं असेल, उपासानं झालं असेल. फक्त हिंडणं बंद झालं. एकही देऊळ नाही, एकही दगड नाही. नोव्हेंबरात तो गेला तेव्हा नळी आमच्या माडीवरच राहिली. मी धावत स्टँडवर घेऊन गेलो. तो म्हणाला, "तुमच्याकडंच असू दे. मला काय करायची?"

मी तिथंच उभा राहिलो. नळी घेऊन.

मार्चमध्ये वडिलांच्या नावानं एक पत्र आलं. त्याच्या आईचं. इंग्रजी मोडकंतोडकं, अक्षर मात्र टपोरं. वडिलांनी वाचलं, त्यांना काही उमजलं नाही, त्यांनी माझ्याकडं दिलं. मला ते तोंडपाठ आहे.

'तुम्ही माझ्या मुलाला घर दिलंत, त्याबद्दल आभार. तो परत आला आहे. दिसायला तसाच आहे. माझी काळजी घेतो, कामावर जातो. डॉक्टर म्हणतात मलाच विश्रांती हवी. पण मी त्याची आई आहे. हा लेनार्ट नाही. मला तुमच्यावर आरोप करायचा नाही. फक्त एवढंच, की तो अजून तुमच्याकडंच कुठं राहत असेल, तर त्याला वेळेवर जेवण मिळतं का, तेवढं मला कळवा.'

दुसऱ्या दिवशी मी ते पत्र घेऊन गावाला गेलो. पिराजी अंगणात होता. आक्का घरी नव्हती.

"नदीवर गेलीया," पिराजी म्हणाला. "रोज जाती दुपारची. पान घिऊन. कुनाचं म्हून इचारलं तर सांगत न्हाय."

ती आली. हातात रिकामं ताट होतं. मी पत्र वाचून दाखवलं, मराठीत करून. तिनं सगळं ऐकून घेतलं. आश्चर्य वाटल्याचं काही दिसलं नाही. ताट धुऊन पालथं घातलं आणि म्हणाली,

"लिवा तिला. जेवतंय म्हनावं तिचं पोरगं. म्या घालतो रोज."

मी ते लिहिलं नाही. काय लिहिणार होतो? आणखी दोन पत्रं आली, मग थांबली.

आक्का पंच्याऐंशी साली गेली. शेवटपर्यंत तिनं एक दुपार चुकवली नाही, असं पिराजी सांगायचा. पुढं पिराजीही गेला. घर पडलं.

आता नदीवर पान घेऊन कोण जातं, मला माहीत नाही. कुणीच जात नसणार. मी जायला हवं, हे मला कळतं. मलकापूरची गाडी आमच्या घरापासून दहा मिनिटांवर सुटते.

इतकी वर्षं झाली. मी एकदाही गेलेलो नाही.